परदेशातल्या मौन शिबिराला जाताना: बॅगेच्या आधीची तयारी

पहिल्यांदाच परदेशी निघालाय, तेही थेट दहा दिवसांच्या मौन ध्यानशिबिराला, दोन महिने हातात आहेत आणि बॅगेत काय भरावं असं तुम्ही विचारलंय. बॅग आदल्या दिवशीही भरून होते. सैल सुती कपडे, एक शाल, टॉर्च, साधं गजराचं घड्याळ, पटकन काढता-घालता येईल अशी चप्पल. झालं. खरी गोम वेगळी आहे. बहुतेक मौन शिबिरांत फोन पहिल्याच दिवशी जमा होतो, आणि आजकाल आपलं तिकीट, पैसे, पत्ता, ओळख सगळं त्या फोनमध्येच असतं. तेव्हा तयारी करायची ती फोन नसलेल्या माणसाची.

आधी तारखा. गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं 'दहा दिवसांचं' विपश्यना शिबिर प्रत्यक्षात कॅलेंडरचे बारा दिवस घेतं: आदल्या दिवशी नोंदणी, मग पूर्ण दहा दिवस, आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी. थायलंडमधल्या सुआन मोक्ख या बौद्ध मठाचं शिबिर महिन्याच्या १ तारखेला सुरू होतं, पण हजर व्हायचं आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. तिकीट काढण्याआधी हे केंद्राच्या पत्रात वाचून घ्या आणि दोन्ही टोकांना मोकळे दिवस ठेवा. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक टाइम झोन या वेगाने जुळतं, पूर्वेकडे जाताना जास्तच रखडतं. पाच-सहा तासांचा फरक घेऊन विमानतळावरून थेट केंद्रात गेलात, तर पहाटे ४ च्या घंटेला उठाल खरे, पण पहिले तीन दिवस बसल्या जागी पेंगण्यात जातील. परतीचं विमानही अकराव्या दिवशी संध्याकाळचं नको. इतक्या शांततेतून एकदम विमानतळाच्या गोंगाटात जाणं फार अंगावर येतं.

व्हिसाचं थोडक्यात: पासपोर्ट परतल्यानंतरही सहा महिने वैध असलेला बरा, कारण बरेच देश तशी अट घालतात. फ्रान्समधल्या प्लम व्हिलेज या बौद्ध ध्यानकेंद्रासारख्या ठिकाणी जायचं आणि शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) लागत असेल, तर किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा आणि अर्ज प्रवासाच्या निदान १५ दिवस आधी जायला हवा. (शेवटच्या पंधरवड्यावर अजिबात विसंबू नका, अपॉइंटमेंटच मिळत नाही.) शिबिर विनामूल्य असलं तरी खर्चाला पैसे आहेत हे दाखवावं लागतंच. शिबिर झाल्यावर तिथेच राहून स्वयंपाकघरात सेवा करायचा बेत असेल तर तो टुरिस्ट व्हिसात बसतो का, हे आधी विचारा. काही देश बिनपगारी कामालाही कामच समजतात. इमिग्रेशनवर विचारलं तर सरळ सांगा की ध्यानशिबिराला आलोय, आणि केंद्राचं पत्र पुढे करा.

ते पत्र छापील हवं. त्याच कागदावर केंद्राचा पत्ता त्या देशाच्या लिपीत, शेजारी केंद्राचा फोन नंबर. बॅटरी संपलेली, टॅक्सीवाल्याला तुमची भाषा येत नाही, अशा वेळी तो कागद नुसता दाखवला की काम होतं. पासपोर्टची एक प्रत वेगळ्या खिशात, थोडं स्थानिक चलन हाताशी. घरच्या दोघांना केंद्राच्या ऑफिसचा नंबर द्या आणि कुठल्या कारणासाठी फोन करायचा हेही आत्ताच ठरवून टाका. नाहीतर चौथ्या दिवशी गॅसचा नंबर विचारायला फोन येतो. बिलं, हप्ते, ओटीपी लागणारी कामं आधीच उरकून घ्या.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या सामानात. आपल्याकडे साधी वाटणारी गोळी दुसरीकडे बंद असू शकते: जपानमध्ये सर्दीच्या काही औषधांतल्या स्यूडोएफेड्रिनवर कडक मर्यादा आहे, अमिरातीत ट्रॅमाडॉल आणि कोडीन ही वेदनाशामकं नियंत्रित आहेत. म्हणजे विमान कुठे बदलणार तेही बघा.

चहा-कॉफीवाले असाल तर आजपासूनच हळूहळू कमी करा. कॅफीन एकदम तोडलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी कळस होतो आणि कधीकधी आठवडाभर रेंगाळतं. लोक त्याला 'साधनेत काहीतरी वर येतंय' म्हणतात, आणि असतो तो न मिळालेला चहा! गुडघ्यांचंही तसंच: रोज अर्धा तास जमिनीवर बसायची सवय आत्तापासून करा. खुर्ची लागणार असेल तर अर्जातच लिहा, त्यात कमीपणा नाही.

अर्जातला मानसिक आरोग्याचा रकाना मात्र प्रामाणिकपणे भरा. नैराश्य, पॅनिक, झोपेची औषधं, जे असेल ते. दिवसाला दहा-दहा तास ध्यान काहींना झेपत नाही, आणि परक्या देशात, ओळखीचं कोणी नसताना ते कळणं फार वाईट. चालू गोळ्या 'शुद्ध मनाने जायचं' म्हणून स्वतःहून बंद करू नका. आणि मौन म्हणजे त्रास झाला तरी गप्प बसणं नव्हे. शिक्षकांशी आणि व्यवस्थापकांशी बोलायची मुभा असते.

देश कोणता ते लिहा, म्हणजे व्हिसा आणि औषधांबद्दल अजून नेमकं सांगता येईल.