लडाखला मे की सप्टेंबर?

प्रश्न: आईबाबांना घेऊन लडाखला जायचंय, सुट्टी मेमध्ये मिळतेय पण सगळे म्हणतात सप्टेंबर बेस्ट, काय करू?

उत्तर: जमलं तर सप्टेंबरच करा. मेमध्ये मनालीकडचा रस्ता बर्फामुळे बऱ्याचदा बंदच असतो, जुलै-ऑगस्टमध्ये लेहला पाऊस कमी असला तरी मनालीच्या बाजूला दरडी कोसळतात, सप्टेंबरात मात्र आकाश एकदम क्लिअर, रस्ते चालू, फक्त रात्री थंडी जबरदस्त. पण सीझन कुठलाही असो, लेह साधारण 3,500 मीटरवर आहे, विमानाने थेट उतरलात तर पहिले दोन दिवस नुसता आराम, पँगाँग लेक अजून उंच आहे, ते नंतरच. आणि आईबाबांना बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना विचाराच प्लीज.