पोर्तुगीज पासपोर्टवाल्याच्या बायकोचं रेसिडेन्स कार्ड अडलं असेल, तर ब्रुसेल्सला लिहिण्याआधी

ताई, तुमची पोस्ट वाचली. नवऱ्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंय, तुमचा पासपोर्ट भारतीय, दोघं युरोपियन युनियनमधल्या तिसऱ्याच देशात राहता, त्यांची नोकरी सुरू आहे आणि तुमच्या रेसिडेन्स कार्डाचा अर्ज आठ महिने पडून आहे. आता स्ट्रासबुर्गच्या कोर्टात जावं की ब्रुसेल्सच्या युरोपियन कमिशनकडे तक्रार करावी, असं विचारलंत. माझे मिस्टर डिचोलीचे, मी कुडाळची, आणि आम्ही नेमके यातूनच गेलोय. मी वकील नाही, देशागणिक नियमही थोडे बदलतात, तेवढं लक्षात ठेवून वाचा. अपॉस्टिल (कागद परदेशात चालावेत म्हणून घ्यायचा शिक्का), लग्नाचा दाखला वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सोडते.

स्ट्रासबुर्गचा विचार आधी बाजूला ठेवा. तिथलं मानवाधिकार न्यायालय युनियनचं नाहीच, ते कौन्सिल ऑफ युरोप या ४६ देशांच्या वेगळ्या संघटनेचं आहे. युनियनचं न्यायालय लक्झेंबर्गला. पण तिथेही आपल्यासारख्यांना एखाद्या देशाविरुद्ध थेट दावा लावता येत नाही. केस त्या देशातल्याच कोर्टात उभी राहते. युनियनच्या कायद्याचा अर्थ काय, असा प्रश्न तिथल्या न्यायाधीशाला पडला तर तो लक्झेंबर्गला विचारतो, आणि उत्तर आल्यावर निकाल पुन्हा तोच देतो. १९९२ चा सुरिंदर सिंग निकाल असाच आला. ब्रिटिश बायकोबरोबर जर्मनीत काम करून ब्रिटनला परतलेला हा भारतीय माणूस. परतल्यावरही तिच्याबरोबर राहायचा हक्क त्याला युनियनच्या कायद्याने आहे, असं लक्झेंबर्गने सांगितलं. त्याच्यामुळे आज कितीतरी कुटुंबं एकत्र राहताहेत. मला त्याबद्दल फार कृतज्ञता वाटते. पण तो रस्ता लांबचा आहे.

आता कमिशन. कायद्याचा प्रस्ताव तेच मांडतं, ७२० सदस्यांचं पार्लमेंट आणि सगळ्या देशांच्या मंत्र्यांचं कौन्सिल तो मंजूर करतात, आणि मग देश तो पाळतात की नाही यावर पुन्हा कमिशनच लक्ष ठेवतं. तक्रार फुकट करता येते, २४ अधिकृत भाषांपैकी कुठल्याही भाषेत. मात्र त्यातून फाइल उघडलीच तर ती त्या देशाविरुद्ध उघडते, तुमच्या अर्जाची नव्हे. आधी नोटीस, मग सविस्तर मतपत्र, मग लक्झेंबर्ग. पुढे जायचं की नाही हे ठरवायलाच कमिशन साधारण वर्षभर घेऊ शकतं, आणि पुढे जाण्याचं बंधन त्याच्यावर नाही. देश हरला तरी तुमचं कार्ड ब्रुसेल्समध्ये छापलं जाणार नाही.

सगळं अडतं ते खिडकीवर. नवऱ्याबरोबर राहायचा आपला हक्क ज्यात आहे तो २००४ चा ३८ क्रमांकाचा कायदा म्हणजे डायरेक्टिव्ह. रेग्युलेशन असतं तर जसंच्या तसं लागू झालं असतं. डायरेक्टिव्ह प्रत्येक देशाला स्वतःच्या कायद्यात उतरवून घ्यावं लागतं, आणि खिडकीवरच्या माणसापुढे असतो तो देशाचा कायदा, देशाचा फॉर्म, देशाचं सॉफ्टवेअर.

आमच्या बाबतीत एका कार्यालयाने (देशाचं, गावाचं नाव घेत नाही) आमचा अर्ज त्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांच्या बायका-नवऱ्यांसाठी असलेल्या नियमाखाली टाकला. मग सुरू झालं: भाषेची परीक्षा दाखवा, घर किती चौरस मीटरचं ते दाखवा, पगार अमुक रकमेच्या वर आहे का ते दाखवा. डायरेक्टिव्हच्या १० व्या कलमात कुठली कागदपत्रं मागायची त्याची यादीच दिलेली आहे, त्यात भाषेची परीक्षा नाही, घराचं मोजमाप नाही. त्याच कलमात असंही आहे की अर्ज घेतल्याचं प्रमाणपत्र लगेच द्यायचं. ते कधीच दिलं नाही. दर वेळी नवीन माणूस, आणि प्रत्येकाचं एकच, "सिस्टिममध्ये दिसतंय, वाट बघा." तेवढ्यात मला मिळालेली नोकरी गेली, कारण कंपनीला हातात काहीतरी कागद हवा होता. २३ वं कलम मला काम करायचा हक्क देतं, आणि २५ वं कलम सांगतं की कार्ड किंवा ते प्रमाणपत्र हातात असणं ही हक्क वापरायची अट करता येणार नाही. कायदा इतका स्पष्ट असूनही एका कागदावाचून नोकरी जावी, याचा राग मला आजही येतो. कंपन्या एका पदासाठी सहा महिने, वर्ष थांबत नाहीत.

आमचं काम शेवटी सॉल्विटने केलं. २००२ पासूनची ही सेवा, प्रत्येक सदस्य देशात तिचं केंद्र, पैसे लागत नाहीत. साधारणपणे आपण आपल्या देशाच्या केंद्राला लिहायचं (आमच्यासाठी पोर्तुगालचं), ते चूक करणाऱ्या देशाच्या केंद्राला गाठतं, आणि दहा आठवड्यांत तोडगा काढायचं त्यांचं उद्दिष्ट असतं. सक्ती करायचा अधिकार त्यांना नाही, पण सरकारच्या आतल्याच माणसाने फोन करून "हे चुकीच्या नियमाखाली गेलंय" असं सांगणं आणि आपण सांगणं यात फार फरक पडतो. कोर्टात गेलात तर सॉल्विट प्रकरण घेत नाही. उलट, लेखी नकार आला असेल तर अपिलाची मुदत सॉल्विटसाठी थांबत नाही, तेव्हा ती तारीख आधी बघा.

कार्यालयाला पत्र लिहिताना "सहा महिने झाले, म्हणून कार्ड द्या" असं लिहू नका. २०१८ च्या डियालो निकालात लक्झेंबर्गने दोन गोष्टी सांगितल्या: निर्णय सहा महिन्यांच्या आत होऊन अर्जदाराला कळवलाही पाहिजे, पण मुदत उलटली म्हणून कार्ड आपोआप मिळत नाही. त्यापेक्षा अर्ज कुठल्या कलमाखाली घेतलाय ते लेखी विचारा. माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच.

पार्लमेंटकडे याचिका भारतीय पासपोर्टवरही करता येते, युनियनमध्ये राहत असलात की झालं. ती नंतर जरूर करा, पुढच्यांच्या उपयोगी पडेल. ऑम्बड्समन, म्हणजे युनियनचा लोकपाल, फक्त युनियनच्या संस्थांविरुद्धच्या तक्रारी बघतो. आमच्या गोवेकर मंडळींनी अंतोनियु कोश्तांना लिहायलाही सुचवलं होतं, आजोबांचं घर मडगावचं म्हणून. त्यांच्याबद्दल मला आपुलकी आहे. पण डिसेंबर २०२४ पासून ते ज्या युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष आहेत ती राष्ट्रप्रमुख आणि पंतप्रधानांची बैठक, दिशा ठरवणारी. ती कायदे करत नाही आणि कुणाचा अर्ज हलवत नाही.

एक वेगळंच: पोर्तुगालला राहायला जायचा विचार असेल तर तिथे हे डायरेक्टिव्ह सरळ लागू होत नाही, कारण नवरा स्वतःच्याच देशात असेल. आधी सुरिंदर सिंग निकाल वाचा. आणि नवऱ्याला मतदार यादीत नाव घालायला सांगा. राहत्या देशातल्या नगरपालिकेच्या आणि युरोपियन पार्लमेंटच्या निवडणुकीत त्यांना मत देता येतं.

कुठल्या देशात आहात ते लिहिलंत तर तिथल्या कायद्यात १० वं कलम कुठे उतरवलंय ते शोधून देते. तोवर अर्ज घेतल्याचं प्रमाणपत्र या आठवड्यातच रजिस्टर्ड पोस्टाने मागा.