गारपीट झाली तर घरच्या घरी नोंद कशी ठेवावी? नुसता फोटो पुरतो का?

नाही पुरत. माझ्याकडे फोटो होता, तरी मी हरलो.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी गारांनी झोडपलं. थांबल्यावर गच्चीत जाऊन सगळ्यात मोठी दिसली ती गार उचलली आणि प्लास्टिकच्या कॅलिपरने मोजली. लांब बाजू ३१ मिलिमीटर, आडवी २६. मधोमध दुधाळ ठिपका, भोवती काचेसारखं कडं, एका अंगाला फोडांसारखे उंचवटे. फोटो काढला तो तळहातावर ठेवून, शेजारी पट्टी नाही. हा पहिला गाढवपणा. दुसरा म्हणजे गार उघड्या वाटीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली.

दादा तेव्हा घरीच होता. पुढे येईल त्याला तो "अंड्याएवढ्या गारा" सांगायला लागला. मी ३१ मिलिमीटर म्हटलं की, "तू बस आकडे घेऊन." शेवटी दीड महिन्याने चारचौघांत मी वाटी बाहेर काढली. आत सुपारीएवढा गुळगुळीत खडा! आपोआप बर्फ झाडणाऱ्या फ्रीजमध्ये कोरडी हवा फिरत असते, त्यात बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडतो. दादा म्हणाला, "मोठी होती ती तू उचललीच नाहीस."

अमेरिकेत साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावी २३ जुलै २०१० ला पडलेली, २० सेंटिमीटर व्यासाची विक्रमी गारसुद्धा वीज गेल्यामुळे मोजणीआधी थोडी झिजली होती. पण तिच्या वाट्याला दादा नव्हता.

तेव्हा गार लगेच हवा काढून घट्ट बंद पिशवीत घाला. फोटो पट्टीशेजारी ठेवून, बरोबर वरून. सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ लिहा. सर्वसाधारण गारांचं माप वेगळं, सगळ्यात मोठीचं वेगळं. ५ मिलिमीटरच्या आतलं असेल तर त्याला गार म्हणू नका. आणि कृपा करून "लिंबाएवढी", "अंड्याएवढी" लिहू नका. व्यास दुप्पट धरला की वजन आठपट होतं; थाप दुपटीची राहत नाही.

खरं तर जाड थर्मोकोलच्या पाटीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून उघड्यावर घट्ट बसवा, उत्तरेची खूण करा. गारा वितळतात, खळगे राहतात. वाऱ्याने तिरक्या आलेल्या गारांचे खळगे लांबट उमटतात, त्यावरून दिशाही कळते. खळगा म्हणजे गारेचा व्यास नव्हे, वेगवेगळ्या मापाच्या पोलादी गोळ्या पाडून ताडून बघावं लागतं. दर गारपिटीला नवी पाटी. माझी गेल्या वर्षीची पाटी बैठकीत टांगलीय, दादा बसतो त्याच्या समोर. तो म्हणतो, थर्मोकोल कडक असेल.

हो, गारा पडत असताना बाहेर जाऊ नका, विजाही असतात. वर "थांबल्यावर" लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. मी डोक्यावर पातेलं धरून गेलो होतो. त्याला आलेला पोचा दादा अजून पुरावा म्हणून दाखवतो.