सेन्सरचा सिग्नल उलटा करायचाय? एक ट्रान्झिस्टर बास आहे

अरे एवढ्यासाठी, म्हणजे सेन्सर हाय (व्होल्टेज आहे) असताना लो (शून्य) आणि लो असताना हाय मिळवायला, वेगळं मॉड्यूल कशाला घेतोस, एक बीसी५४७ (एमिटर, बेस, कलेक्टर असे तीन पाय असलेला साधा एनपीएन ट्रान्झिस्टर) आणि दोन रेझिस्टर घे, काम झालं. एमिटर ग्राउंडला, सेन्सरचं आउटपुट १० के (१० किलोओहम) रेझिस्टरमधून बेसला, आणि कलेक्टरला १० के लावून तो तुझ्या कंट्रोलरच्या (सिग्नल वाचणाऱ्या बोर्डाच्या) सप्लायला जोड, म्हणजे ३.३ व्होल्ट असेल तर ३.३ लाच, ५ ला नाही. आउटपुट कलेक्टरवरून घ्यायचं. सेन्सर हाय झाला की ट्रान्झिस्टर ऑन होतो आणि कलेक्टर जवळजवळ शून्यावर येतो, फार तर ०.१-०.२ व्होल्ट दिसतील मीटरवर, तेवढं चालतं. सेन्सर लो झाला की ट्रान्झिस्टर ऑफ, आणि कलेक्टर सप्लायच्या व्होल्टेजला जातो. सेन्सर १२ व्होल्टचा असला तरी बेसला जेमतेम १ मिलीअँपच जातो आणि आउटपुट कंट्रोलरच्या सप्लायच्या वर जात नाही, म्हणजे व्होल्टेजची लेव्हल पण आपोआप जुळली बघ.

बेसचा रेझिस्टर मात्र कधीच गाळू नकोस, ट्रान्झिस्टर जाईल नाहीतर सेन्सर. बेस ते ग्राउंड १०० के पण टाक, वायर सुटली तर बेस हवेत लटकत नाही. सेन्सर आणि कंट्रोलर, दोन्हीकडचं ग्राउंड एकत्र हवंच, निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

आणि सेन्सर ओपन कलेक्टर (आउटपुट फक्त ग्राउंडला ओढतो, स्वतः व्होल्टेज देत नाही असा) आहे का ते डेटाशीटमध्ये आधी बघ, असेल तर त्याच्या आउटपुटला स्वतःचा पुलअप (आउटपुट ते सेन्सरचा सप्लाय असा रेझिस्टर) लागेल, नाहीतर बेसला करंट मिळणारच नाही.