घरच्या सोनाराला बिल कसं मागायचं?

मी समुपदेशक आहे, साखरपुड्यांचा सीझन सुरू झाला की माझ्याकडं एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, अंगठी आपल्या नेहमीच्या सोनाराकडनंच घ्यायची असं घरचे म्हणतायत, मला शंका आहे, पण विचारलं तर अपमान होईल म्हणतात, काय करू?" कधी मुलगा विचारतो कधी मुलगी, शब्द वेगळे असतात, दुखणं एकच. एका घराची गोष्ट सांगते, त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा शिरोली एमआयडीसीत नोकरीला, घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, मुलगी गडहिंग्लजकडची. साखरपुडा तीन आठवड्यांवर आलेला आणि आई-मुलगा आठ दिवस धड बोलत नव्हते. पहिल्यांदा तो एकटाच आला, आणि बसल्या बसल्या मोबाईलवर स्क्रीनशॉट दाखवायला लागला, हा भाव, ही घडणावळ, हे हिऱ्याचं सर्टिफिकेट. आईचं म्हणणं, गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, आपल्या सराफांकडंच जायचं, तिच्या लग्नातला साज तिथला, आत्याच्या पाटल्या तिथल्या. ह्याचं म्हणणं, तिथं मी पक्कं बिल कधी बघितलंच नाही, चिठ्ठीवर आकडे लिहितात आणि गुलाबी कागदात डाग, म्हणजे दागिना, गुंडाळून हातात देतात, एवढे पैसे मी त्या चिठ्ठीवर कसे घालू. भांडणात तो आईला बोलून गेला होता की तुला फसवलं तरी कळायचं नाही.

पुढच्या वेळी दोघं आली. आई पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली, बराच वेळ काहीच बोलली नाही आणि मग एकदम म्हणाली, "मॅडम, ह्याचे वडील दवाखान्यात होते तवा ह्यो सहा वर्षांचा. रात्री साडेदहाला मी पाटल्या घेऊन त्यांच्या घरी गेलेली. दुकान उघडून पैसे दिलेत त्या माणसानं. वर्षानं सोडवायला गेले तर व्याजाचा एक रुपाया घेतला न्हाई. त्या माणसाला मी आता पावती मागू व्हय?"

मुलगा तिच्याकडं नुसता बघत राहिला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, आई कधी बोललीच नव्हती, आणि तो जिला भोळेपणा समजत होता ते एवढं मोठं देणं होतं हे त्याला त्या खुर्चीत बसून कळलं. मी पण मध्ये काही बोलले नाही. असल्या वेळी समुपदेशकानं गप्प बसावं असं माझं मत आहे.

नंतर मी त्यांना माझी गोष्ट सांगितली, एरवी सांगत नाही. माझ्या लग्नात वडिलांनी त्यांच्या जुन्या ओळखीच्या सोनाराकडनं पोवळ्याची अंगठी केली होती, सहा ग्रॅमची म्हणून. काही वर्षांनी दुसरीकडं मोडायला नेली तर सोनं भरलं चार ग्रॅम आठशे मिली. पोवळं सहा कॅरेटचं, एक कॅरेट म्हणजे दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम दोनशे मिली खडा आम्ही सोन्याच्या भावानं घेतलेला. मुद्दाम केलं की राहून गेलं मला आजही माहीत नाही, कारण घेताना मी विचारलंच नव्हतं, वडील शेजारी उभे होते आणि समोर "काका" होते ना. पैशाचं दुःख गेलं. पण वडील त्या दुकानाची पायरी परत चढले नाहीत, तीस वर्षांचं येणंजाणं संपलं. त्या दिवशी "काका, खड्याचं वजन वेगळं धरलंय ना?" एवढं विचारलं असतं तर ते येणंजाणं आजही असतं असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी प्रत्येक घराला कळकळीनं सांगते, ओळखीच्या माणसाला आधी विचारा, नंतर शंका घेऊन घरी बसू नका.

आईला ते पटलं. मग म्हणाली, "पण विचारायचं काय? मला त्यातलं काय कळतंय?"

तर हे बघा. सगळ्यात आधी हॉलमार्क. अंगठीच्या आतल्या बाजूला तीन खुणा असतात, बीआयएसचा म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा त्रिकोणी शिक्का, शुद्धता आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा स्वतःचा नंबर. १ एप्रिल २०२३ पासून हा सहा अक्षरी नंबर असल्याशिवाय हॉलमार्कचा डाग विकता येत नाही, आणि बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की डाग कुठला, शुद्धता किती हे समोर येतं. हातात अंगठी आणि ॲपमध्ये कानातलं दिसलं तर तिथंच थांबायचं. दोन ग्रॅमच्या आतल्या डागाला ही सक्ती नाही, म्हणून अगदी हलकी अंगठी घेताना जास्त विचारायचं. हिऱ्याची अंगठी बहुतेक अठरा कॅरेटमध्ये करतात कारण बावीस कॅरेट मऊ पडतं आणि हिरा सैल होतो, म्हणजे शुद्धता ७५०, हजारात साडेसातशे भाग सोनं, मग भाव पण अठराचाच लागला पाहिजे, बावीसचा नाही, इथं भलेभले चुकतात. घडणावळ टक्क्यात सांगितली तर रुपयात किती होते ते विचारा. बिलावर सोन्याचं वजन, खड्याचं वजन, घडणावळ, तीन टक्के जीएसटी सगळं वेगवेगळं हवं. आणि परत आणली तर काय भाव धरणार, हे घेण्याआधी विचारायचं, आणि तेही बिलावर लिहून घ्यायचं.

बजेटचं पण एक होतं. मुलीनं सॉलिटेअरचा, म्हणजे एकाच मोठ्या हिऱ्याच्या अंगठीचा, फोटो पाठवलेला आणि हा पर्सनल लोन काढायच्या विचारात, घराचा हप्ता चालू आहे हे तिला सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं आधी ते सांग. सांगितलं, तर ती दोन दिवस फुगून बसली, अंगठीवरनं नाही, लपवलं म्हणून. मग दोघांनी मिळून आकडा ठरवला आणि छोट्या हिऱ्यावर आले.

पहिल्यांदा सगळे गुजरीतच गेले. आई दुकानात कशी बोलली ते मुलानं मला नंतर सांगितलं, "दादा, पोराला समदं कागदावर पायजे, राग मानू नका." सराफ म्हणाले, वहिनी राग कसला, आता सगळ्यांनाच देतोय, तुम्हीच कधी मागितलं नाही. मंगळसूत्राच्या वाट्या तिथंच ठरल्या, पक्क्या बिलावर. पण हिऱ्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं की आम्ही सोन्यातली माणसं, हिरा सर्टिफिकेटवाल्याकडनं घ्या. मला विचाराल तर सराफ निवडताना एवढं ऐकू आलं तरी पुरे, आपल्याला काय जमत नाही ते तोंडानं सांगणारा माणूस गिऱ्हाईकाला सहसा बुडवत नाही.

अंगठी राजारामपुरीत घेतली. मापाला मुलगी दुपारनंतर गेली, सकाळी आणि गारठ्यात बोटं आखडलेली असतात आणि माप लहान येतं. सर्टिफिकेटवरचा नंबर बऱ्याचदा हिऱ्याच्या कडेवर लेझरनं कोरलेला असतो, तो त्यांनी दुकानातल्या मोठ्या भिंगाखाली जुळवून बघितला.

आणि मग आई ती डबी पर्समध्ये घालून सरळ गुजरीत. सराफांनी अंगठी दिव्याखाली धरली, डोळ्याला भिंग लावलं आणि आतली सहा अक्षरं एकेक करून मोठ्यानं वाचली, मुलगा समोर उभा राहून मोबाईलमध्ये टाकत होता. जुळली सगळी. पण त्यांनी अंगठी खाली ठेवली नाही, परत फिरवून बघितली आणि मग आईच्या पदराचं टोक मागून अंगठीवरनं अलगद ओढलं. एक धागा अडकला. हिऱ्याला धरणाऱ्या चार काट्यांतला एक किंचित वर आलेला होता. "कागद बरोबर हाय वहिनी," ते म्हणाले, "पण ह्यो काटा बसवून आणा, न्हाईतर सहा महिन्यात हिरा गळंल."

त्याच संध्याकाळी आई आणि मुलगा एकाच गाडीवरनं राजारामपुरीत परत गेले आणि समोर उभं राहून काटा बसवून घेतला.