मेमरीचा पूल बंद केला की टेस्ट पडतात

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पासवर्ड साठवणाऱ्या एका ओपन सोर्स प्रोग्रॅमवर काम करतोय. त्यात मेमरीसाठी त्यांनी स्वतःचा पूल, म्हणजे मेमरीचे तुकडे साठवून पुन्हा वापरायला देणारा कोड, लिहिलाय. पूल चालू असला की सगळ्या टेस्ट पास होतात. तो बंद करून अ‍ॅड्रेससॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावला, तर तीन पडतात. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, म्हणतात, पूल चालू ठेव, म्हणजे प्रश्नच मिटला. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : पूल बंदच ठेव. त्या तीन टेस्ट तुला खरं सांगताहेत.

पूल मॅलॉककडून, म्हणजे मेमरी देणाऱ्या नेहमीच्या फंक्शनकडून, एकदाच मोठा तुकडा घेतो आणि त्यातले छोटे वाटत राहतो. तू फ्री केलेला, म्हणजे परत सोडलेला, तुकडा पूलमध्येच पडून राहतो, आतल्या मजकुरासकट. सॅनिटायझरच्या लेखी ती मेमरी जिवंतच असते, म्हणून तो गप्प बसतो.

इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत नेमकं हेच झालं होतं. एप्रिल 2014 मध्ये तिच्यातली हार्टब्लीड ही सुरक्षेची मोठी चूक उघडकीस आल्यावर ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्या टेड उनांग्स्ट यांनी त्यातली फ्रीलिस्ट (तुझ्या पूलसारखीच सोय) बंद करून पाहिली, तर कनेक्शनच तुटायला लागली. बफरमध्ये (डेटा तात्पुरता ठेवायच्या मेमरीत) न वाचलेला डेटा शिल्लक असतानाच कोड तो बफर सोडून देत होता आणि लगेच नवा मागत होता. फ्रीलिस्ट शेवटी आलेला तुकडा आधी देते, त्यामुळे तोच बफर डेटासकट परत मिळायचा आणि सगळं सुरळीत वाटायचं. पण अनेक थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधली समांतर कामं) चालू असले, तर मधल्या क्षणात तो दुसऱ्याच कनेक्शनच्या हाती पडू शकत होता! ही चूक 2010 पासून नोंदलेली होती. दुरुस्ती म्हणजे एक अट : बफरमध्ये काही उरलेलं नसेल, तरच तो सोडायचा.

मीही नव्या नोकरीत असताना असाच एक बग आठवडाभर शोधला. कोड कोसळतो त्या ओळीकडेच बघत राहिले, हे माझं चुकलं. सॅनिटायझर तीन स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याच्या याद्या, छापतो : वापर कुठे झाला, फ्री कुठे झालं, मेमरी घेतली कुठे. तू मधला आधी वाच. त्या क्षणी या तुकड्याचा मालक कोण होता, हे वहीत लिही. माझं उत्तर तिथेच सापडलं.

मेंटेनरांशी वाद घालू नकोस. ही माणसं बहुधा नोकरी सांभाळून रात्री कोड बघतात. हार्टब्लीडच्या वेळी ओपनएसएसएलसारख्या प्रकल्पातही पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता. त्यांना आधी पूलशिवाय पडणारी छोटी टेस्ट दे, मग दुरुस्तीचा वेगळा पॅच (कोडमधला बदल). त्यात इंडेंटेशन (ओळींची मांडणी) सुधारायला जाऊ नकोस.

आणि फ्री झालेल्या तुकड्यात कुणाचा पासवर्ड दिसत असेल, तर यातलं काहीच उघडपणे टाकू नकोस. प्रकल्पात बहुधा सिक्युरिटी नावाची फाइल असते. तिच्यातल्या पत्त्यावर आज रात्रीच खाजगी मेल कर.