नोकरी बदलली, उत्पन्नाच्या दाखल्यावर कोणता पगार धरायचा?

प्रश्न : ऑक्टोबरअखेर मी नोकरी बदलली. जुना पगार महिना ग्रॉस 52,000, निघताना रजेचे 26,000 मिळाले. नव्या कंपनीचं सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) 8 लाख 40 हजार आहे. पत्नीला शिवणकामातून वर्षाला 60,000 सुटतात. मुलीला कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून इंजिनिअरिंगला घालायचं आहे. सेतू केंद्रात सांगतात, ‘पॅकेज आठ लाखांच्या वर आहे, फीसवलत विसरा.’ खरं का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : मुळीच नाही. तहसीलदारांचा दाखला आजच्या पगाराचा नसतो, संपलेल्या आर्थिक वर्षाचा असतो. 1 एप्रिल ते 31 मार्च या काळात घरात काय आलं, एवढंच त्यात धरायचं. शिवाय सीटीसी म्हणजे उत्पन्न नव्हे. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद मिसळलेली असते. फॉर्म 16 (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) मधल्या ग्रॉसमध्ये हे दोन्ही येत नाहीत. तुमचा बेसिक 35,000 धरला तर पीएफचे 12 टक्के म्हणजे वर्षाला 50,400 आणि ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के म्हणजे सुमारे 20,200. हे वजा जाता ग्रॉस उरतो 7,69,400, महिना साधारण 64,100.

आता बेरीज करा. एप्रिल ते ऑक्टोबर सात महिन्यांचे 3,64,000. नोव्हेंबर ते मार्च पाच महिन्यांचे साधारण 3,20,500. रजेचे 26,000, पत्नीचे 60,000. एकूण 7,70,500. मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची जी पूर्ण सवलत मिळते, तिची मर्यादा आठ लाख. तुम्ही आत आहात. रजेच्या पैशावर प्राप्तिकर माफ असला तरी फॉर्म 16 च्या ग्रॉसमध्ये तो आकडा दिसतो, म्हणून तो धरूनच चला. पुढच्या वर्षी मात्र बाराही महिने नवा पगार येईल आणि बेरीज 8,29,400 होईल. त्या वर्षीचा दाखला वेगळा निघेल, हे आत्ताच लक्षात ठेवा.

खरी गडबड दोन फॉर्म 16 मुळे होते. जुन्या कंपनीतला पगार तुम्ही नव्या कंपनीला लेखी कळवला असेल, तर नव्या फॉर्म 16 च्या भाग ब मध्ये ‘इतर मालकाकडून मिळालेला पगार’ अशी ओळ भरलेली असते. ती भरलेली असताना जुन्या फॉर्म 16 चा आकडा बेरजेत पुन्हा धरला तर तुमचे 3,90,000 दोनदा मोजले जातात आणि साडेसात-पावणेआठ लाखांचं घर कागदावर साडेअकरा लाखांपलीकडे जातं. अर्जाला दोन्ही फॉर्म जोडा, पण सोबत एका कागदावर महिन्यांनुसार बेरीज लिहून द्या. नव्या कंपनीला कळवलंच नसेल तर ती ओळ शून्य दिसेल. तेव्हा दोन्हींची बेरीज करावीच लागते. न कळवण्याचा दुसरा तोटा असा, की दोन्ही कंपन्या प्रमाणित वजावट (पगारावरची ठरावीक करसूट) देतात, टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना कर अंगावर येतो.

फॉर्म 16 नियमाने 15 जूनपर्यंत मिळतो आणि प्रवेशाची घाईही तेव्हाच असते. तोवर मार्चची पगारपावती, जुन्या कंपनीचा अंतिम हिशेब आणि 26एएस (प्राप्तिकर खात्याचा कापलेल्या कराचा उतारा) काढून ठेवा. लोकसेवा हक्क कायद्यानुसार दाखल्याला 15 दिवस धरले आहेत. त्रुटी काढून अर्ज परत आला तर हे दिवस हातचे जातात.

प्रश्न : जानेवारीअखेर नोकरी गेली. तेव्हा 75,000 होते. मार्चपासून 38,000 ची नवी लागली. फेब्रुवारी बिनपगारी गेला. हात फारच आखडलाय, पीएफ काढू का? आणि दाखल्यावर आताच्या पगाराचे बारा महिने दाखवता येतील?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आताच्या पगाराला बाराने गुणून चालणार नाही. स्वयंघोषणापत्रात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, आणि घेतलेली सवलतही वसूल होते. तुमचं वर्ष असं : दहा महिन्यांचे 7,50,000 अधिक मार्चचे 38,000, म्हणजे 7,88,000. आठ लाखांना फक्त बारा हजार कमी.

म्हणूनच पीएफला 31 मार्चपूर्वी हात लावू नका. सलग पाच वर्षं सेवा झालेली नसताना काढलेल्या पीएफमधला कंपनीचा वाटा आणि त्यावरचं व्याज पगार म्हणून करपात्र होतं, तुमच्या वाट्यावरचं व्याज इतर उत्पन्नात जातं. रक्कम 50,000 किंवा अधिक असेल तर टीडीएस कापला जातो आणि तो 26एएसमध्ये उमटतो. मर्यादा तिथेच ओलांडते. सर्वांत बरं म्हणजे पीएफ नव्या खात्यात वर्ग करा. जुनी सेवाही जोडली जाते. काढण्याला पर्यायच नसेल तर 1 एप्रिल उजाडू द्या. पुढच्या वर्षी 38,000 च्या हिशेबाने 4,56,000 च होतात, तेव्हा जागा भरपूर आहे.

प्रश्न : माझ्या 26 वर्षांच्या भावाला नोकरी लागली. माझ्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्रासाठी त्याचा पगार धरायचा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. ईडब्ल्यूएसच्या कुटुंबात तुम्ही, आईवडील, 18 वर्षांखालची भावंडं, आणि लग्न झालं असेल तर जोडीदार व 18 वर्षांखालची मुलं येतात. मात्र वडिलांचं शेतीचं उत्पन्न इथे धरतात, ओबीसींच्या नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राला ते धरत नाहीत. शिवाय शेती पाच एकर किंवा अधिक असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, केंद्र सरकारच्या नोकरी-प्रवेशासाठीचं ईडब्ल्यूएस मिळत नाही. सातबारा आणि 8अ आधी पाहून घ्या.